उस्तादाच्या वेळेचं मोल



या व्याख्यानमालेच्या मंचावरून आजवर साहित्य, सहकार, शेती, पाणी अशा विषयांवर पुष्कळ बोललं गेलं. कारखान्यात शिकायला येणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलावर एक संध्याकाळ द्यावी असं संयोजकांना वाटलं, याचं मला फार समाधान आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते स्वतः टर्नर होते, पुढे आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेले काही जण आज समोर बसलेले दिसतात. तेव्हा विषय योग्य घरी आला आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शिकाऊ उमेदवारीची अवस्था वाईट आहे असं म्हटलं की अधिकारी सरकारी नोंदणी पोर्टलवरचे आकडे दाखवतात, आणि ते आकडे वाढलेले असतात. मी त्या आकड्यांशी भांडत नाही. मुलं कारखान्यात येतात, हजेरी लागते, विद्यावेतन जमा होतं, शेवटी प्रमाणपत्रही मिळतं. पण यात शिकणं किती होतं? माझ्या मते ते वर्षानुवर्षं कमी होत गेलं, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे शॉप फ्लोअरवर शिकवणाऱ्या माणसाला आपण वेळही ठेवला नाही आणि मानही. सरकारी धोरणाने मुलाच्या विद्यावेतनाचा विचार केला, मालकाच्या सवलतीचा केला. उस्तादाच्या वेळेचा विचार कुणीच केला नाही.

ही व्यवस्था मुळात उभी कशी राहिली ते थोडं पाहू. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना कुशल हात कमी पडू लागले तेव्हा सरकारने तंत्रप्रशिक्षणाची योजना काढली. ती मजूर खात्याकडे होती, आणि १९४२ ते १९४६ या काळात त्या खात्याची जबाबदारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होती. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, तिच्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये संसदेने शिकाऊ उमेदवार कायदा केला. कायद्यामागचा विचार सरळ होता. वर्गात आणि संस्थेच्या वर्कशॉपमध्ये पाया घातला जातो, पण कारागीर तयार होतो तो चालू कारखान्यात. म्हणून कारखान्याने ट्रेडनिहाय ठरलेल्या प्रमाणात मुलं घ्यायची, त्यांना शिकवायचं आणि शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसवायचं.

या कायद्याने एक मोठं सामाजिक कामही केलं. त्याबद्दल आपण कमी बोलतो. गावगाड्यात हुन्नर घराण्यातून आणि जातीतून चालत आला. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा मुलगा लोहार. ज्याच्या घरात हत्यार नव्हतं त्याला ते शिकायची वाट नव्हती, आणि कित्येकांना त्या हत्याराला हात लावायचीही मुभा नव्हती. १९७३ च्या दुरुस्तीने शिकाऊ उमेदवारीत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवल्या, २००७ मध्ये इतर मागासवर्गीयांसाठीही ती तरतूद झाली. भूमिहीन घरातला मुलगा दोन-तीन वर्षांत फिटर किंवा मशिनिस्ट होऊन बाहेर पडतो आणि बापाने कधी पाहिला नाही असा पगार घरी आणतो, हे पिंपरी-चिंचवडमध्ये, ठाण्यात, नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये हजारो घरांत घडलं. ज्या कायद्यातून हे घडलं तो नुसता कागदावर उरला तर सगळ्यात जास्त नुकसान याच घरांचं होणार आहे.

त्या काळी कारखानदारही या गोष्टीकडे गंभीरपणे पाहत. सुमंत मूळगावकरांनी पुण्यात टेल्कोचा प्रकल्प उभारायला घेतला तेव्हा सुरुवातीलाच प्रशिक्षण विभाग उभा केला. माणसं तयार नसतील तर यंत्रं आणून काय करायचं, हा त्यामागचा विचार. मुंबईत माझगाव डॉकची स्वतःची अप्रेंटिस शाळा आहे, आणि तिथे आठवी पास मुलालाही प्रवेशाची वाट ठेवलेली आहे. परळ-माटुंग्याची रेल्वे वर्कशॉपं, अंबरनाथ, खडकी, देहूरोडच्या आयुधनिर्माणी, एसटीच्या कार्यशाळा यांनी पिढ्या घडवल्या. आणि तिथे घडलेला प्रत्येक जण तिथेच राहिला असं नाही. कुणी भोसरीत स्वतःचं शेड टाकलं, कुणी आखातात गेलं, कुणी गावी जाऊन मोटार रिवाइंडिंगचं दुकान काढलं. मोठ्या सार्वजनिक कारखान्यांनी शिकवलेल्या माणसांवर लहान उद्योगांची एक अख्खी पिढी उभी राहिली.

आता शिकवणं म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू, कारण धोरण ठरवणाऱ्या बैठकीत नेमकं हेच कुणी पाहत नाही.

फिटरच्या ट्रेडमध्ये पहिले कित्येक आठवडे हातात कानस असते. व्हाइसमध्ये लोखंडाची पट्टी धरायची आणि तिच्या कडा एकमेकींना काटकोनात आणायच्या. ऐकायला सोपं वाटतं. नवा मुलगा कानस हातांनी ढकलतो, त्यामुळे ती पुढे जाताना झोकांडते आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना उतार पडतो, मधे उंचवटा राहतो. माझे मेस्त्री काही न बोलता मागे येऊन उभे राहत. आधी पायांकडे बघत, पुढच्या पायाची टाच सरकवत, मग कोपराला हात लावून कोपर खाली आणत. कानस खांद्यातून आणि अंगाच्या झोक्यातून चालते, हे शरीराला कळावं लागतं; ते सांगून कळत नाही. मग गुण्या लावून पट्टी खिडकीच्या उजेडाकडे धरायची. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसली की पट्टी पुन्हा व्हाइसमध्ये. काही दिवसांनी मेस्त्री पट्टी हातात घेत नाहीत, नुसता आवाज ऐकतात. कानस धातूला धरून चालली आहे की वरून घसरते आहे, ते आवाजावरून ओळखू येतं. आणखी काही महिन्यांनी तो आवाज मुलालाही ऐकू येऊ लागतो. त्या दिवशी तो फिटर व्हायला लागला, असं मी म्हणतो.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत मोल्डरचं असंच. वाळू मुठीत घेऊन दाबायची, मूठ उघडायची, गोळा मधोमध मोडायचा. कडा साफ तुटल्या, हाताला चिकटलं नाही, तर वाळू बरोबर. ओल जास्त झाली तर रस ओतल्यावर वाफ कोंडते आणि कास्टिंगला भोकं पडतात. आज शिरोली, गोकुळ शिरगावच्या चांगल्या फाउंड्रीत ओलावा मोजायचं उपकरण असतं, आणि ते असायलाच हवं. पण पावसाळ्यात दुपारी हवा बदलली आणि मघाचा आकडा खोटा ठरतोय हे ज्याच्या मुठीला कळतं, त्याच्यामुळे संध्याकाळचा हीट, म्हणजे भट्टीतला रस, वाया जात नाही.

आता सगळं सीएनसीवर आलं, बटण दाबायचं काम उरलं, मग असा उस्ताद लागतो कशाला, असं मला तरुण व्यवस्थापक विचारतात. सायकल स्टार्टचं बटण दाबायला नाही लागत, हे मान्य. पण पातळ भिंतीचा जॉब चकमध्ये जास्त आवळला की यंत्रावर माप बरोबर येतं आणि सोडल्यावर जॉब वाकतो. इन्सर्ट कधी बदलायचं, चिपचा रंग निळा पडतोय तो वेगामुळे की झिजलेल्या धारेमुळे, ऑफसेट किती आणि कुठल्या बाजूला द्यायचा, हे स्क्रीनवर लिहून येत नाही. यंत्र जितकं महाग, तितकं चुकीच्या निर्णयाचं नुकसान मोठं. लाखोंच्या यंत्रावर आपण सहा महिन्यांचा मुलगा उभा करतो आणि त्याच्या शेजारी कुणीच उभं करत नाही.

हे असं का झालं, याला एकच कारण नाही. १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. त्यातून पुष्कळ चांगलं घडलं, पण घराघरांत आयटीआय म्हणजे ज्याला दुसरं काही जमत नाही त्याची जागा, ही समजूत पक्की झाली. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या गिरण्या गेल्या. त्यानंतर उदारीकरण आलं आणि दोन हजार सालाच्या आसपास कारखान्या-कारखान्यांत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना, आली. ती घेऊन गेले ते बहुतेक पन्नाशीतले, म्हणजे नेमकी शिकवणारी माणसं. त्यांच्या जागी कायम कामगार भरले गेले नाहीत, कंत्राटी आले. कंत्राटी कामगाराला स्वतःलाच सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळतो; तो दुसऱ्याला काय शिकवणार? शिवाय ज्याची स्वतःची नोकरी डळमळीत आहे, तो आपला हुन्नर शेजारच्या पोराला देताना कचरणारच. त्याला मी दोष देत नाही. हुन्नर खुशाल वाटून टाकण्यासाठी माणसाच्या पायाखाली जमीन पक्की असावी लागते.

कायदाही बदलत गेला. २०१४ ची दुरुस्ती बऱ्याच अर्थांनी आवश्यक होती. त्याआधी नियम मोडणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती, आणि त्या भीतीने लहान उद्योजक या सगळ्यापासून दूरच राहत. कैद गेली, दंड आला. ट्रेडनिहाय किचकट प्रमाणाऐवजी एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते दहा टक्के असा पट्टा आला, २०१९ मध्ये त्याची वरची मर्यादा १५ टक्के झाली. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणं बंधनकारक झालं. कारखान्याने स्वतःचा अभ्यासक्रम ठरवायचा, असे ऐच्छिक ट्रेडही आले. बँका, दुकानं, हॉटेलं यांना त्याचा उपयोग झाला. पण याच वाटेने असेही अभ्यासक्रम आत आले की ज्यात मुलगा वर्षभर एकाच असेंब्ली स्टेशनवर एकच बोल्ट आवळतो आणि त्याचं नाव शिकाऊ उमेदवार असतं.

विद्यावेतनाच्या बाबतीत एक बदल मला फार खटकतो. २०१४ नंतरच्या नियमांत विद्यावेतन हे राज्याने ठरवलेल्या अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाशी जोडलेलं होतं: पहिल्या वर्षी ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी ९०. किमान वेतन वाढलं की विद्यावेतन आपोआप वाढायचं. २०१९ मध्ये ही जोडणी तोडून ठरावीक रकमा लिहिल्या गेल्या, शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये. आयटीआय पास मुलाला ७,०००. अशी रक्कम एकदा कागदावर गोठली की ती हलवायला काय लागतं, हे आपल्या राज्याला चांगलं ठाऊक आहे. आयटीआयमधल्या गरीब विद्यार्थ्याला महिना ४० रुपये मिळायचे. चाळीस! दशकानुदशकं ते तेवढेच राहिले, आणि २०२३ मध्ये ५०० झाले.

केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत, जी २०१६ पासून चालू आहे, सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा उचलतं, कमाल महिना १,५०० रुपये. आता तो थेट मुलाच्या खात्यात जातो, हे चांगलं झालं. पण मालकाच्या बाजूने हिशेब करून बघा. मुलगा त्याला आधीच स्वस्त पडत होता, तो आणखी स्वस्त झाला. खरा खर्च दुसरीकडे आहे. मेस्त्रीने दिवसातला एक तास मुलाच्या शेजारी घालवला, तर त्या तासाचे नग कमी निघतात, पाळी संपताना बोर्डावर ते दिसतात, आणि मेस्त्रीचा उत्पादन भत्ता कापला जातो. शिकवल्याबद्दल त्याला शिक्षाच होते म्हणा ना. हा खर्च कुठल्याही योजनेत नाही. साहजिकच मालक तो वाचवतो: मुलगा घेतो, शिकवणं टाळतो.

मुलांना हे कळत नाही असं समजू नका. २० मार्च २०१८ ची सकाळ मुंबईकरांच्या लक्षात असेल. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेली मुलं दादर आणि माटुंग्याच्या दरम्यान रुळांवर उतरली आणि तीन तासांहून अधिक काळ मध्य रेल्वेची लोकल बंद पडली. रेल्वेभरतीत त्यांच्यासाठी २० टक्के जागा ठेवलेल्या होत्या, त्यांची मागणी ती मर्यादा काढण्याची होती. लाखो लोकांचा खोळंबा झाला. त्या मार्गाचं समर्थन मी करत नाही. पण त्या मुलांचा प्रश्न खरा होता. रेल्वेने शिकवलं, रेल्वेच्याच यंत्रांवर हात बसला, प्रमाणपत्रही मिळालं. आता पुढे काय? कायद्याचं २२ वं कलम सांगत होतं की उमेदवाराला नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. २०१४ नंतर एवढंच झालं की प्रत्येक मालकाने आपलं भरतीचं धोरण ठरवायचं. १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की बाकी सगळं समान असेल तर थेट भरतीत प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावं. हे तत्त्व भरतीच्या जाहिरातीत ठळक दिसायला हवं. आणि प्रत्येक मोठ्या आस्थापनेने वर्षाला किती उमेदवार घेतले, किती परीक्षेला बसले, किती जणांना स्वतःकडे ठेवून घेतलं, हे आकडे जाहीर करावेत. ते पाहून मुलगाच ठरवील कुठे जायचं ते.

मग करायचं काय? बाहेरच्या देशांकडे बघायचं तर जर्मनीचं नाव सगळेच घेतात, तिथल्या शाळा-कारखाना जोडणीचं कौतुक करतात. मला जर्मनीतली एक लहान गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिथे कारखान्यात शिकवणाऱ्या माणसाला शिकवण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. २००३ मध्ये त्यांनी ही अट स्थगित केली. हेतू हा की जास्त कंपन्या पुढे येतील. दर्जाबद्दल तक्रारी वाढल्या आणि २००९ मध्ये अट परत आली. उलट, ब्रिटनने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या पगारखर्चावर अर्धा टक्का उपकर लावला. पैसा गोळा झाला, पण नव्या उमेदवारांची संख्या घसरली, आणि त्यातला बराच पैसा आधीच नोकरीत असलेल्यांच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांवर गेला. पैसा कुणाकडून घेतला याइतकंच तो कुणाच्या हातावर पडतो हेही पाहावं लागतं.

आपल्याकडे आयटीआयच्या निदेशकांना शिकवण्याचं शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत, मुंबईत चुनाभट्टीलाच एक आहे. शॉप फ्लोअरवरच्या मेस्त्रीसाठी तशी सोय फारशी कुणी केलीच नाही. माझी पहिली मागणी ही: आयटीआयमध्येच, सुट्टीच्या काळात, कारखान्यांतल्या अनुभवी कारागिरांसाठी दोन-तीन आठवड्यांचा वर्ग चालवा. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, इमारती आहेत, यंत्रं आहेत. तो वर्ग पूर्ण करणाऱ्याला सरकारी मान्यतेचा बिल्ला द्या, आणि तो ज्या उमेदवारांना शिकवतो त्यांच्यामागे दरमहा भत्ता द्या. मालकामार्फत नको, थेट त्याच्या खात्यात. एका उस्तादामागे तीन-चार मुलांपेक्षा जास्त नकोत. त्याच्या पाळीतला एक तास उत्पादनाच्या हिशेबातून वजा झालाच पाहिजे. निवृत्त मेस्त्रींनाही या कामावर घेता येईल. आज साठीतली कितीतरी माणसं घरी बसून आहेत. ती गेली की त्यांच्या हातातलं कुठून आणणार?

दुसरं, लहान कारखान्यांचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरमध्ये दहा-बारा माणसांच्या शेडमध्ये एकाच प्रकारचं काम चालतं. तिथे मुलाला पूर्ण ट्रेड शिकवता येणं शक्य नाही. पण शेजारच्या शेडमध्ये दुसरं काम चालतं, पलीकडे हीट ट्रीटमेंट आहे, रस्त्याच्या टोकाला ग्राइंडिंग. उद्योजकांच्या संघटनेने मुलाशी करार करावा आणि त्याला या चार ठिकाणी फिरवावं. कागदपत्रं संघटनेने सांभाळावीत, कारण एकट्या मालकाला पोर्टलवरची नोंदणी, करार, मासिक नोंदी यांनीच नकोसं होतं. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांकडे मूलभूत प्रशिक्षण सोपवता येईल.

तिसरं, परीक्षा. परीक्षेचा जॉब बाहेरच्या परीक्षकासमोर करायला लावा, आणि परीक्षकांत शेजारच्या कारखान्यातला एक कारागीर असू द्या. एकच बोल्ट वर्षभर आवळलेला मुलगा तिथे उघडा पडेल, आणि त्याच्याबरोबर त्याला तसं वापरणारा कारखानाही.

विद्यावेतन पुन्हा किमान वेतनाशी जोडा, एवढंच त्या बाबतीत सांगतो. २०२४ मध्ये केंद्राने इंटर्नशिपची आणि राज्याने युवा कार्य प्रशिक्षणाची योजना आणली. त्या योजनांचा हेतू चांगला आहे, पण सहा महिने किंवा वर्षभर कार्यालयात बसून आलेल्या अनुभवाला आणि ट्रेडच्या उमेदवारीला एकाच रांगेत मोजू नका.

आणि शेवटी राहण्याचं. शासकीय आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत. वेल्डर, टर्नर होणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, त्यांचा हात मुलांपेक्षा कमी नाही. पण उमेदवारीला चाकणला किंवा वाळूजला जायचं म्हटलं की घरून नकार येतो, आणि त्या आईबापांना मी मागासलेले म्हणणार नाही. मुलांचीही गत बरी नाही. सात हजारांतले निम्मे कॉट बेसिसच्या खोलीला आणि मेसला जातात. एका खोलीत तीन पाळ्यांची मुलं आलटून पालटून झोपतात. एमआयडीसीने वसाहती आखताना कारखान्यांना प्लॉट दिले, बँकांना दिले, पेट्रोल पंपांना दिले. प्रत्येक मोठ्या वसाहतीत एक प्लॉट उमेदवारांच्या वसतिगृहासाठी आणि त्यातला अर्धा भाग मुलींसाठी, एवढं ठरवायला नवा कायदा लागत नाही. महामंडळाचा एक ठराव पुरे आहे. आज इथे उद्योजक आहेत, नगरसेवक आहेत, आयटीआयचे प्राचार्य आहेत. या ठरावाची मागणी करणारं पत्र मी लिहून आणलं आहे. ते बाहेरच्या टेबलावर ठेवलेलं आहे. वाचा, पटलं तर सही करा, आणि दुरुस्ती सुचवायची असेल तर कडेला लिहा.